आत्याबाई, मी मुलाखत देऊन आले

प्रिय आत्याबाई,

तीर्थरूप लिहिणार होते, पण सासूला तीर्थरूप लिहिलं की पुढं सगळं अंग चोरून बोलावं लागतं. आज मला मोकळं बोलायचंय. म्हणून प्रियच. रागावू नका.

लिहायचं कारण असं, की मी एका नोकरीच्या अर्जात तुमचं नाव दिलंय. तुम्हांला न विचारता! आज दुपारी त्या नोकरीचा निकाल कळला. जिचं नाव अर्जात, तिला निकाल कळवायला नको? पण तो आधी सांगणार नाही. बाजारात शेळी विकून आल्यावर तुम्ही तरी कधी पहिल्यांदा आकडा सांगत होता? आधी चूळ भरायची, तांब्याभर पाणी प्यायचं, कोण कोण भेटलं ते सांगायचं, आणि आम्ही दोघी सुना ताटकळून वाळून गेलो की मग. आज तुम्ही ताटकळा.

नोकरी कसली, ते ऐका. पुण्याची एक कंपनी आहे. तिचा धंदा सल्ला देण्याचा. हसू नका! लोक पैसे मोजून त्यांचा सल्ला घेतात. मला कळलं तेव्हा पहिलं मनात आलं, आमच्या आत्याबाईंनी जन्मभर गावाला न मागता सल्ला दिला आणि वर चहाही स्वतःचाच पाजला! तर ह्या कंपनीला आपल्या जिल्ह्यात बायकांच्या शेळीपालनाचं काम मिळालंय. गावोगाव जाऊन बायकांशी बोलणारं, शेळीतलं कळणारं माणूस त्यांना हवं होतं. बचत गटाच्या बैठकीत जाहिरात वाचून दाखवली. शिक्षणाची अट नाही, अनुभव पाहिजे. सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी मागं वळून बघितलं, तर मागं भिंत.

खरं सांगते, नुसत्या हौसेनं अर्ज केला नाही. बालाजीनं टुमणं लावलं होतं. हे गेले, मग तुम्ही गेलात, तेव्हापासून पोराचं फोनवर एकच. "आई, तिथं एकटी काय करतीस? शेळ्या इकून टाक आन् पुण्याला ये." मायेनं बोलतो, त्याला तोडून बोलवत नाही. पण तुमच्या हाताखालच्या कळपातल्या सहा शेळ्या विकायच्या, आणि मी चौथ्या मजल्यावर बसून खालच्या गाड्या मोजायच्या? शेवटी एक दिवस म्हटलं, "ही नोकरी लागली तर मी हितंच. न्हाय लागली तर तू म्हणशील तवा शेळ्या इकते आन् येते."

तो एवढा हसला! "आई, हितं डिगऱ्या घिऊन पोरं रांगंत हायत. तुला कोण घेतंय?"

"मग शब्द दे की."

हसत हसत दिला पठ्ठ्यानं. आणि फोन ठेवल्यावर मी शेळ्यांकडं बघत बसले. हे मी काय करून बसले?

पलीकडं भिंतीला कान होतेच. तुमची धाकटी सून, रुक्मिणा. आत्याबाई, आता जे सांगते ते तुम्हांला आवडणार नाही. तुमच्यामागं दीड वर्ष आम्ही जावा एकमेकींशी बोललो नाही. तुमचं दहावं झालं आणि शेळ्यांची वाटणी झाली. अकरा शेळ्यांचे दोन सारखे वाटे कसे व्हायचे? तुम्ही माझ्याकडं राहत होता म्हणून भावकीनं सहा माझ्या दावणीला बांधल्या, पाच तिच्या. ती एक शब्द बोलली नाही. नुसतं दोन घरांमधलं दार लावून घेतलं. मी तरी कुठं वाजवलं! तेव्हापासून एकमेकींना सांगायचं ते आम्ही जनावरांना सांगायचो. त्या दिवशी ती कोंबड्यांना दाणे टाकत मोठ्यानं म्हणाली, "खावा गं बायांनो, खावा. आता म्हाताऱ्या नोकरीला लागाय लागल्या. उद्या तुमालाबी हापिसात बोलावत्याल."

मी माझ्या करडाला म्हटलं, "भिऊ नगंस रं. कुणाच्या पोटात दुखलं तर घरात ववा हाय."

तुम्ही असता तर दोघींना एकाच चिपाडानं हाणलं असतं. नाही का?

अर्ज भरायला बेंबळीला गेले, शकिला भाभीच्या ऑनलाइनच्या दुकानात. शिक्षण? दुसरी. भाभी म्हणाली, "दुसरी पास लिखूं?" म्हटलं, "पास कशाची? दुसरीच्या मधातच गुरं राखाय गेले." अनुभव? बेचाळीस वर्षं. मग एक रकाना आला, आधी ज्यांच्या हाताखाली काम केलं त्या वरिष्ठांचं नाव. मी विचार करायला थांबलेच नाही. म्हटलं, "लिव्ह, सासूबाई." भाभीनं तुमचं नाव घातलं, पुढं कंसात सासू. त्याच्याखाली आलं, त्यांचा मोबाइल नंबर. भाभी माझ्याकडं बघत राहिली.

"सुमनबाई, उनका नंबर तो अब लगता नै."

आणि रकाना भरल्याबिगर अर्ज काही पुढं सरकेना! शेवटी माझाच नंबर टाकला. म्हणजे बघा, पुण्याच्या त्या कंपनीच्या दप्तरात तुम्ही अजून आहात, आणि तुमचा फोन माझ्याकडं आहे.

तुम्हांला फोन आला पण! आठवडाभरानं मी शेळ्या घेऊन माळावर होते, तर एका मॅडमचा आवाज. "सुमनबाईंच्या सासूबाईंशी बोलता येईल का?" खोटं कसं बोलू? म्हटलं, "मॅडम, त्या आता न्हाईत. रकाना मोकळा सोडता येईना म्हणून म्याच माझा नंबर दिला." वाटलं, झालं, कटला आपला अर्ज. पण मॅडम म्हणाली, "बरं. त्या असत्या तर तुमच्याबद्दल काय म्हणाल्या असत्या?"

काय सांगू! तुमचा आवाज कानात वाजला आणि तोंडातनं तसाच बाहेर पडला. "म्हणल्या असत्या, सुमन कामाला वाघीण हाय, पर चारचौघांत तोंड उघडत न्हाय. हिला बाजारात न्या, आन् जशी नेली तशी परत आणा."

मॅडम खळखळून हसली. "मग आता उघडाल का तोंड? सोमवारी या धाराशिवला."

सोमवारी सकाळी मी पिशवी घेऊन अंगणात आले, तर भिंतीपलीकडनं आवाज. रुक्मिणा कोंबडीला सांगत होती, "कपाटात हिरवी साडी घडी घालून ठिवायची आन् मुलाखतीला हे इटकं नेसून जायाचं. काय डोकं म्हणावं बाई!" मी तिच्याकडं बघितलं नाही. गपचूप आत गेले आणि हिरवी नेसून आले.

तिथं आम्ही सातजण होतो. बाकी सगळी कोवळी पोरं-पोरी, हातात चकचकीत फायली. एकानं मला बाकावर सरकून जागा दिली आणि विचारलं, "आजी, कुणाबरोबर आलात?" म्हटलं, "माझ्याबरोबरच."

फोनवरच्या मॅडमनं आणि एका साहेबांनी आम्हांला टेबलाभोवती बसवून एकेक कागदाचं बाड दिलं. त्यात एका गावाची हकीगत होती. चाळीस बायकांना दोन-दोन शेळ्या वाटल्या, आणि वर्षाच्या आत निम्म्याहून जास्त बायकांनी त्या विकून टाकल्या. का विकल्या? तुम्ही काय सल्ला द्याल? अर्धा तास वेळ. पोरं फटाफट लिहायला लागली. मी एकेक अक्षर लावत पहिलं पान संपवलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. शेळ्या दिल्या, चारा दिला, पण बोकडाचं नाव नाही! आपण बाई कागद खाली ठेवला आणि हाताची घडी घालून बसले.

पोरं एकेक करून बोलली. लसीकरण, जनजागृती, बाजारपेठ. माझी पाळी आली तशी मी तुमच्यासारखी ताठ झाले. "साहेब, समद्यांनी शेळ्या मोजल्या. बोकड कुठाय? बोकडाबिगर करडं व्हनार कशी? आन् करडं न्हाईत तर बाई शेळी कशाला ठिवील?"

मला वाटलं, मारलं मैदान!

साहेब हळूच म्हणाले, "आजी, पान उलटा."

दुसऱ्या पानावर चार बोकड उभे! पहिल्याच दिवशी वाटलेले. पोरं खुदकन हसली. माझे कान असे तापले, की त्यावर पापड भाजला असता. बालाजीचं चौथ्या मजल्यावरचं घर मला तिथनं दिसायला लागलं.

"मग आता काय वाटतं तुम्हांला?" मॅडमनं विचारलं.

आत्याबाई, एक विचारू? तुम्ही माझ्या जागी असता तर लगेच दुसरं काहीतरी ठोकून दिलं असतंत, आणि तेही असं, की ऐकणाऱ्यानं मान डोलवावी! इतकी वर्षं एका चुलीवर काढली, पण "मला ठाऊक नाही" हे तुमच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. त्या पांढऱ्या कानाच्या करडाच्या वेळीसुद्धा नाही. त्याचं पोट फुगलं होतं. फळीवर औषधाच्या दोन बाटल्या. तुम्ही एक उचललीत. मी म्हटलं, कुणाकडनं तरी वाचून घेऊ का? "मला ठावं हाय," तुम्ही म्हणालात. ते गोचिडाचं, वरनं लावायचं औषध होतं. संध्याकाळी करडू गेलं. तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत, पण चुकलं असंही म्हणाला नाहीत. मी कितीतरी दिवस त्या एका शब्दाची वाट बघितली. मग एकदा दुसऱ्या शेळीला औषध पाजायची वेळ आली, तर तुम्ही बाटली माझ्या हातात दिलीत. "वाच."

"आत्याबाई, मी दुसरीतनं निघाले..."

"दुसरीत अक्षरं शिकवत्यात का न्हाय? मग वाच. कितीबी येळ लागू दे. शेळी थांबती, मीबी थांबते."

तशी मी वाचायला शिकले. बाटल्यांवरनं, खोक्यांवरनं, मग किराणा बांधून आलेल्या कागदांवरनं. हे पत्र लिहितेय ते त्यामुळंच. पण ते करडू काही माझ्या मनातनं गेलं नाही. त्या टेबलाशी बसल्या बसल्या तेच डोळ्यांपुढं आलं.

म्हणून मी मॅडमला म्हटलं, "मग मला न्हाय माहीत."

पोरं पुन्हा हसली. साहेब हसले नाहीत. "माहीत नाही, तर कराल काय?"

"त्या गावात जाईन. एकेकीच्या उंबऱ्याशी बसंन. च्या देतील तो पिईन. आन् इचारीन, बाई, का इकलीस?"

"आणि त्यांनी खरं सांगितलं नाही तर?"

"पयल्या दिशी कुणीच सांगत न्हाय, साहेब. म्हणून तर दुसऱ्यांदा जायाचं."

साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं, ते समोरनं उलटं मला कसं वाचता येणार? मी मनात म्हटलं, बहुतेक 'आजींना परत पाठवा' असंच असेल.

पण नाही! मला आत वेगळं बोलावलं. मॅडम, साहेब, आणि बाजूला संगणकावर आणखी दोघं. इकडचं तिकडचं विचारलं, आणि मग मॅडम सरळ म्हणाली, "मानधनाची तुमची अपेक्षा किती?"

असं? चारचौघांत? तोंडानं? आत्याबाई, भाव कधी उघड्यावर बोलू नये, आकडा हवेत गेला की हवेचा होतो, हे तुमचंच शिकवणं ना? बाजारात बापे रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा करायचे आणि तुम्ही, अख्ख्या बाजारात एकटी बाई, पदराखाली! मला त्याची लाज वाटायची. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी मी ह्यांना म्हटलं होतं, आत्याबाईंना सांगा, बाप्यांचा हात पदराखाली घेतात, लोक हसतात. ते तुमच्या कानावर गेलं. सकाळी भाकरी थापता थापता तुम्ही एवढंच म्हणालात, "हात माझा, पदर माझा, शेळी माझी. लोकांचं काय हाय गं त्यात?" वर त्याच हिवाळ्यात शेकोटीपाशी गोधडीखाली माझी बोटं धरून मला ती बोली शिकवलीत. बाजारात मात्र मी कधी आले नाही. तुम्ही बोलावलंत की कधी माझं डोकं दुखायचं, कधी दळण निघायचं. एकदा तरी यायला हवं होतं हो!

त्या खोलीत काय झालं कुणास ठाऊक. माझा उजवा हात आपोआप पदराखाली गेला, आणि मी तो तसाच टेबलावरनं मॅडमपुढं धरला.

मॅडम घाबरली. "अहो, हाताला लागलंय का काही?"

साहेब खुर्चीतनं अर्धे उठले. "मॅडम, थांबा! त्यांनी सौदा मांडलाय!" निघाले आपल्याच जिल्ह्यातल्या ईट गावचे! त्यांचे आजोबा बैलांच्या बाजारात दलाली करायचे म्हणे. त्यांनी मॅडमला समजावून सांगितलं. जितकी बोटं दाबली तितके हजार, बाकीच्यांना पत्ता लागत नाही. मॅडमचे डोळे लहान पोरीसारखे झाले. तिनं घड्याळ वर सरकवलं आणि हात पदराखाली घातला. मऊ हात बाई, लोण्याचा. मी बोटं दाबली. तिला ती मोजता येईनात, आणि गुदगुल्या व्हायला लागल्या!

"सर, तुम्हीच करा," ती हसता हसता म्हणाली.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "चालंल का, आजी?"

म्हटलं, "न चालायला काय झालं? हात माझा, पदर माझा."

माणूस तयारीचा होता. मी दाबलेली दोन बोटं त्यांनी सोडवली, मी एक परत दाबलं. ते मान हलवत होते, मी मान हलवत होते. संगणकावरचे दोघं काम सोडून बघत होते. शेवटी साहेबांनी माझी बोटं घट्ट धरली आणि म्हणाले, "जमलं!" आकडा मी इथंही लिहीत नाही. पत्र कुणाच्या हाती लागलं तर?

पण मॅडम म्हणाली, हा आकडा फक्त निवड झाली तर. निवडीचं आठवड्यात कळवू. तो आठवडा असा गेला, की मी एकदा चहात मीठ घातलं आणि तो पिऊनही टाकला.

आणि आज दुपारी फोन आला. आत्याबाई, तुमची सून सल्लागार झाली! मॅडम म्हणाली, सात जणांत 'माहीत नाही' म्हणणारं एकच माणूस निघालं, तेच आम्हांला हवंय. तुम्ही तिथं बसल्या जागी नाक मुरडलं असेल, दिसतंय मला!

बालाजीला फोन केला. पहिलं तर त्याला पटेना. मग एवढा ओरडला, की मी फोन कानापासून लांब धरला. मी सांगत होते, आठवड्यातले चार दिवस गावोगाव फिरायचं, गाडी न्यायला येणार. आणि तो मधेच म्हणाला, "आई, मग शेळ्या कोण बघणार?"

मी खाटेवर बसले. बघा माझी अक्कल! ज्या शेळ्यांसाठी एवढं केलं, त्याच चार दिवस दावणीला उपाशी राहणार! अर्ज केल्यापासून हे माझ्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं. बालाजी हसत होता. "आता तर इकाव्याच लागतील." मला हसू पण येत होतं आणि रडू पण. म्हटलं, "थांब जरा. फोन ठिव."

अंगणात आले. माझ्या शेळ्या रवंथ करत बसल्या होत्या. भिंतीपलीकडं तिच्या. मी मधल्या दाराशी गेले. हात वर केला, खाली घेतला. परत वर केला आणि कडी वाजवली.

"कोन हाय?"

"मी."

दार उघडलं. रुक्मिणाचे दोन्ही हात पिठानं भरलेले.

"लागली?" तिनं विचारलं. कोंबडीला नाही, मला.

"लागली. चार दिस बाहीर जावं लागतंय. शेळ्या..." पुण्याच्या साहेबांपुढं बोलून आलेली मी, जावेपुढं मुकी झाले!

ती बोटांवरचं पीठ चोळत उभी राहिली. मग म्हणाली, "माझ्या पाचांत सोडते तुझ्या सहा. पर एक सांगून ठिवते. येकदा मिसळल्या की तुझी कंची आन् माझी कंची, म्या इचारनार न्हाय. परत वाटनी न्हाय."

"नगं करू."

"करडं झाली तर?"

"ती अकरा जणींची."

तिनं पिठाच्या मनगटानं डोळे पुसले आणि कपाळभर पीठ लावून घेतलं. "मग दारात काय हुबी ऱ्हातीस? आत ये. तव्यावरची भाकर करपाय लागली."

हे पत्र मी तिच्याच चुलीपाशी बसून लिहितेय, आत्याबाई. तुमच्या अकराही आता एका दावणीला आहेत. अंगणात त्यांनी इतका गोंधळ घातलाय, की लिहिणं सुचत नाही. बालाजीला सांगितलं, तर म्हणाला, रविवारी येतो आणि गोठ्याला नवे पत्रे टाकतो.

तर माझा शब्द घ्या. सोमवारपासून ज्या गावात जाईन तिथं आधी ऐकीन, मग बोलीन. ठाऊक नसेल ते ठाऊक नाही म्हणेन, तुम्हांला कितीही राग आला तरी. आणि ते मधलं दार पुन्हा लागणार नाही. त्याची कडी मघाशीच उचकटून काढली. एकटीला निघेना, दोघींनी मिळून ओढली.

तुमची मोठी सून,
सुमन

आणि शेजारी बसून "माझंबी नाव घाल की गं" म्हणून केव्हाची कोपर मारणारी तुमची धाकटी,
रुक्मिणा